अमेरिकन घटकराज्यांचा महान्यायवादी : एका विधिविषयक पदाचे राजकीय स्थित्यंतर

अमेरिकेच्या शासनपद्धतीचे विवेचन करणाऱ्या ग्रंथांत अध्यक्ष, काँग्रेस व सर्वोच्च न्यायालय यांना जितकी जागा मिळते, तितकी घटकराज्यांच्या अधिकाऱ्यांना मिळत नाही. आणि जी थोडी मिळते ती बहुधा गव्हर्नर व विधिमंडळ यांच्याच वाट्यास जाते. घटकराज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी, याची बोळवण पुष्कळदा एखाद्या परिच्छेदात केली जाते. तथापि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तंबाखूचा धंदा, आरोग्यविमा, परदेशी नागरिकांचे वास्तव्य, वातावरणातील उष्णतावर्धक वायू आणि विद्यार्थ्यांची कर्जे अशा भिन्नभिन्न विषयांत राष्ट्रीय धोरणाला जे वळण लागले, त्यात या अधिकाऱ्याने दाखल केलेल्या दाव्यांचा वाटा मोठा आहे. हे पद अलीकडे राजकीय बनले, असे त्यावरून म्हटले जाते. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. हे पद गेल्या शतकाच्या आरंभीही राजकारणापासून अलिप्त नव्हते. मुख्यतः बदलला आहे तो त्याचा प्रतिवादी. पूर्वी राज्यात धंदा करणारी बलाढ्य कंपनी ही त्याची ठळक प्रतिवादी असे. आज तिच्या जोडीस, आणि पुष्कळदा तिच्या जागी, संघशासन उभे आहे. हा बदल कोणत्या पायऱ्यांनी घडला व त्यातून प्रातिनिधिक शासनापुढे कोणता प्रश्न उभा राहतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पदाची घडण

आपल्याकडील अभ्यासकाने प्रथम एक गल्लत टाळली पाहिजे. भारतीय संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदान्वये प्रत्येक राज्यास महाधिवक्ता असतो. राज्यपाल त्याची नेमणूक करतो, राज्यपालाची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो आणि मंत्रिमंडळ बदलले की त्याने राजीनामा द्यावा असा संकेत आहे. तो शासनाचा सल्लागार व वकील होय. दावा लावावा की लावू नये, हे ठरविणारा धनी नव्हे. अमेरिकन घटकराज्याच्या महान्यायवाद्याची गोष्ट याहून मूलतः वेगळी आहे.

पन्नास राज्यांपैकी ४३ राज्यांत त्याची निवड मतदार प्रत्यक्ष मतदानाने करतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी व वायोमिंग या पाच राज्यांत गव्हर्नर त्याची नेमणूक करतो. मेनमध्ये विधिमंडळ त्याला निवडते आणि टेनेसीमध्ये राज्याचे सर्वोच्च न्यायालय. मुळात हे पद इंग्लंडच्या राजाच्या वकिलाचे. वसाहतींच्या काळात ते अटलांटिकपार आले आणि स्वातंत्र्यानंतर टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकसत्तावादाची जी लाट आली, तिच्यामुळे अनेक राज्यांनी हे पद निवडणुकीचे केले. न्यूयॉर्कच्या १८४६ च्या घटनेने केलेला बदल हे त्याचे ठळक उदाहरण होय. गव्हर्नरच्या हाती सर्व कार्यकारी सत्ता एकवटू नये, ती अनेक निर्वाचित अधिकाऱ्यांत वाटली जावी, हा त्यामागील विचार होता. यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि महान्यायवादी दुसऱ्या पक्षाचा, अशी स्थिती आजही अनेकदा आढळते.

निवडणुकीच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ राज्यांच्या न्यायालयांनी असे मानले आहे की, विधिमंडळाने दिलेल्या अधिकारांखेरीज इंग्रजी रूढ कायद्याने राजाच्या वकिलास जे अधिकार होते, तेही या अधिकाऱ्याकडे आले आहेत. सार्वजनिक हितासाठी स्वतःच्या विचाराने दावा लावणे हा त्यांतील प्रमुख अधिकार. म्हणजे स्वतंत्र जनादेश आणि स्वतंत्र अधिकार ही दोन्ही एकाच व्यक्तीच्या ठायी आली. अशा पदावरील मनुष्यास पुढील पायरीची आकांक्षा असावी, यात नवल नाही. बिल क्लिंटन हे १९७७ ते १९७९ या काळात आर्कान्सासचे महान्यायवादी होते व तेथूनच ते गव्हर्नर झाले. या पदाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ ‘गव्हर्नर होऊ पाहणारा’ असा लावण्याचा विनोद तिकडे जुना आहे.

२. प्रजेच्या पालकत्वाचे तत्त्व

महान्यायवाद्याच्या हातातील मुख्य शस्त्र म्हणजे पालकत्वाचे तत्त्व. अज्ञान व असहाय प्रजाजनांचा पालक राजा होय, या इंग्रजी कल्पनेतून ते निघाले. अमेरिकन न्यायालयांनी तिचा विस्तार करून असे ठरविले की, आपल्या भूमीचे, हवापाण्याचे व लोकांच्या आरोग्याचे रक्षण करण्यात घटकराज्याला स्वतःचे असे हित असते, आणि त्यासाठी ते न्यायालयात येऊ शकते. टेनेसीमधील तांबे गाळण्याच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त धुराने सीमेपलीकडील जॉर्जियाची वने नष्ट होऊ लागली, तेव्हा जॉर्जियाने सर्वोच्च न्यायालयात दावा केला. १९०७ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या निर्णयाने तो मान्य झाला. आपल्या हद्दीतील लोकांनी कोणत्या हवेत श्वास घ्यावा, याविषयी बोलण्याचा अधिकार राज्याला आहे, हे त्यातील सूत्र होते.

याच काळात मिसुरीचे महान्यायवादी हर्बर्ट हॅडली यांनी स्टँडर्ड ऑइल समूहाविरुद्ध कारवाई चालविली होती. परस्परांशी स्पर्धा करीत असल्याचे भासविणाऱ्या तेलकंपन्या वस्तुतः एकाच मालकीच्या आहेत, हे त्यांनी साक्षीपुराव्याने उघड केले. १९०७ मध्ये महान्यायवाद्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तीही मक्तेदारी कंपन्यांविरुद्धच्या या प्रयत्नांच्या पार्श्वभूमीवर. हॅडली १९०८ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. पदाचा राजकीय उपयोग हा आजचा शोध नव्हे, याचा हा पुरावा होय.

मात्र संघशासनाविरुद्ध हेच शस्त्र उगारता येईल का, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये नकारार्थी उत्तर दिले. माता व अर्भके यांच्या आरोग्यासाठी संघशासन देत असलेल्या अनुदानास मॅसॅच्युसेट्सने हरकत घेतली होती. राज्याचे नागरिक हे संघराज्याचेही नागरिक आहेत. संघशासनाशी त्यांचा जो संबंध येतो त्यात त्यांचे पालकत्व संघशासनाकडेच आहे, राज्याकडे नाही, असे न्यायालयाने सांगितले. १९६५ च्या मतदानहक्क कायद्याला साउथ कॅरोलायनाने आव्हान दिले, तेव्हा १९६६ मध्ये याच तत्त्वाचा पुनरुच्चार झाला. कंपनीविरुद्ध पालकत्व चालते, संघशासनाविरुद्ध चालत नाही, ही सीमारेषा जवळजवळ ऐंशी वर्षे ठळक राहिली. पुढील सर्व इतिहास या रेषेच्या पुसट होण्याचा आहे.

३. कंपन्यांशी लढा आणि संयुक्त दाव्यांचा उदय

१९७६ च्या कायद्याने काँग्रेसने महान्यायवाद्यांना मक्तेदारीच्या प्रकरणांत आपल्या नागरिकांच्या वतीने तिप्पट नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार दिला. त्यानंतर रेगन यांच्या कारकीर्दीत संघशासनाने मक्तेदारीविरोधी व ग्राहकसंरक्षक कायद्यांच्या अंमलबजावणीत हात आखडता घेतला. ती पोकळी राज्यांनी भरून काढली. महान्यायवाद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८५ मध्ये उत्पादक व विक्रेते यांच्यातील निर्बंधांविषयी आणि १९८७ मध्ये कंपन्यांच्या विलीनीकरणाविषयी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. संघशासनाने संमत केलेल्या विलीनीकरणासही घटकराज्य न्यायालयात आव्हान देऊ शकते व कंपनीची फोड करून मागू शकते, असे १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मान्य केले.

या पद्धतीचा कळस तंबाखूच्या प्रकरणात झाला. मे १९९४ मध्ये मिसिसिपीचे महान्यायवादी माइक मूर यांनी सिगारेट-कंपन्यांविरुद्ध पहिला दावा लावला. धूम्रपान करणाऱ्या व्यक्तींनी केलेले दावे तोवर फसत आले होते, कारण धोका पत्करून सिगारेट ओढणाऱ्याचा दोष त्याच्याच माथी मारला जाई. मूर यांनी युक्तिवादाची दिशा पालटली. राज्याने तर सिगारेट ओढली नाही. मग गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च राज्याने का सोसावा? खाजगी वकिलांना मिळणाऱ्या रकमेतील हिस्सा देऊ करून त्यांनी दाव्याचा खर्चही भागविला. इतर राज्ये पाठोपाठ आली. मिसिसिपी, फ्लॉरिडा, टेक्सास व मिनेसोटा यांनी स्वतंत्र तडजोडी केल्या आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये उरलेल्या ४६ राज्यांशी कंपन्यांनी महाकरार केला. पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे त्यांनी कबूल केले आणि जाहिरातींवरील अनेक बंधने पत्करली.

या कराराचे स्वरूप राज्यशास्त्राच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. कंपन्यांनी सिगारेटच्या किमती वाढवून भरपाईचा भार ग्राहकांवर टाकला; म्हणजे परिणामतः हा एक कर झाला. जाहिरातींवरील निर्बंध म्हणजे एक नियमनाचा कायदा झाला. परंतु असा कर वा असा कायदा काँग्रेसने केला नव्हता. धोरण ठरले ते वकिलांच्या वाटाघाटींत. रकमेच्या विनियोगावर सक्तीची अट नसल्यामुळे अनेक राज्यांनी ती अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यास वापरली आणि धूम्रपान-प्रतिबंधाच्या वाट्यास तिचा लहानसा अंश आला. लोकहिताचा विजय आणि लोकप्रतिनिधींची अनुपस्थिती या दोन्ही गोष्टी या एकाच प्रकरणात दिसतात.

४. प्रतिवादी बदलतो

या यशाची प्रतिक्रिया पक्षीय पातळीवर उमटली. १९९९ मध्ये रिपब्लिकन महान्यायवाद्यांची स्वतंत्र संघटना निघाली, २००२ मध्ये डेमोक्रॅटिक महान्यायवाद्यांची. राष्ट्रीय संघटनेत सर्व पक्षांचे अधिकारी एकत्र बसत. या नव्या संघटना मात्र निवडणुकीसाठी निधी जमविणाऱ्या होत्या. राज्यातील एका पदाच्या निवडणुकीस देशभरातून पैसा येऊ लागला आणि देणगीदारांचे लक्ष राष्ट्रीय धोरणाकडे असल्यामुळे महान्यायवाद्याचेही लक्ष तिकडे वळले.

कायद्याची वाट मोकळी झाली ती २००७ मध्ये. मोटारींतून निघणाऱ्या उष्णतावर्धक वायूंचे नियमन करण्यास संघशासनाच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने नकार दिला, म्हणून मॅसॅच्युसेट्ससह बारा राज्यांनी दावा केला. समुद्राची पातळी वाढल्याने आपली किनारपट्टी बुडते, ही त्या राज्याची तक्रार होती. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने दावा मान्य केला, आणि असे करताना जॉर्जियाच्या १९०७ च्या प्रकरणाचा आधार घेऊन, दाव्याचा अधिकार ठरविताना घटकराज्याचा विशेष विचार केला पाहिजे असे म्हटले. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : दहा राज्ये या प्रकरणात संघशासनाच्या बाजूने उभी होती. ‘राज्यांचे हित’ दोन्ही पक्षांकडून मांडले जात होते.

त्यानंतर अध्यक्ष बदलला की दावा लावणाऱ्यांचा पक्ष बदलावा, हा क्रमच पडला. २३ मार्च २०१० रोजी ओबामा यांनी आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली, त्याच दिवशी फ्लॉरिडाच्या नेतृत्वाखाली तेरा राज्यांच्या महान्यायवाद्यांनी दावा दाखल केला. एक अपवाद वगळता ते सर्व रिपब्लिकन होते. पुढे वादी राज्यांची संख्या २६ झाली. २०१२ मध्ये कायदा मुख्यतः टिकला, परंतु गरिबांच्या वैद्यकीय साहाय्याचा विस्तार राज्यांवर लादता येणार नाही असे ठरले. तो विस्तार त्यामुळे ऐच्छिक झाला आणि लक्षावधी गरिबांचा विमा ते कोणत्या राज्यात राहतात यावर अवलंबून राहिला. २०१४ मध्ये ओबामा यांनी लक्षावधी अनधिकृत रहिवाशांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देऊ केले. वाहन-परवाने देण्याचा खर्च आम्हांवर पडेल, एवढ्या आधारावर टेक्सासने २५ राज्यांसह त्या योजनेला स्थगिती मिळविली. जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मते समसमान पडली आणि योजना कधीच अमलात आली नाही.

२०१७ मध्ये पारडे उलटले. ट्रम्प यांनी काही मुस्लिमबहुल देशांतील नागरिकांवर घातलेली प्रवेशबंदी वॉशिंग्टन राज्याचे डेमोक्रॅटिक महान्यायवादी बॉब फर्ग्युसन यांच्या दाव्यामुळे एका आठवड्यात देशभर स्थगित झाली. सुधारलेली तिसरी आज्ञा मात्र हवाईच्या दाव्यात २०१८ मध्ये टिकली. बायडेन यांच्या काळात रिपब्लिकन पुन्हा वादी झाले. विद्यार्थ्यांची सुमारे ४३० अब्ज डॉलरची कर्जे माफ करण्याची योजना २०२३ मध्ये सहा राज्यांच्या दाव्यावर रद्द झाली. त्यासाठी मिसुरीच्या एका सार्वजनिक कर्जव्यवस्थापन संस्थेचे वर्षाला सुमारे ४४ दशलक्ष डॉलरचे शुल्क बुडेल, एवढी हानी पुरेशी ठरली. जानेवारी २०२५ मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर बंधन घालणारी आज्ञा निघताच दुसऱ्याच दिवशी डेमोक्रॅटिक राज्यांनी न्यायालय गाठले.

दावा कोठे लावावा, याचीही कला बनली. टेक्सासच्या काही न्यायविभागांत एकच संघीय न्यायाधीश असे. रिपब्लिकन दावे तेथे जात. डेमोक्रॅटिक दावे पश्चिम किनाऱ्यावर वा मॅसॅच्युसेट्समध्ये जात. एका जिल्हा न्यायाधीशाचा मनाई हुकूम साऱ्या देशाला लागू होत असल्याने वादीला एकच अनुकूल न्यायालय पुरे होई.

५. राज्य म्हणजे कोण?

येथपर्यंत ‘टेक्सासने दावा केला’, ‘वॉशिंग्टनने दावा केला’ अशी भाषा आपण वापरली. ही भाषाच खऱ्या प्रश्नावर पडदा टाकते. टेक्सास म्हणजे कोण? वॉशिंग्टन राज्याचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. २०१० मध्ये तेथील रिपब्लिकन महान्यायवादी रॉब मॅकेना आरोग्यविम्याच्या कायद्याविरुद्ध वादी झाले. डेमोक्रॅटिक गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगवार त्याच कायद्याच्या समर्थक होत्या. सिएटल शहराने मॅकेना यांच्या अधिकारालाच आव्हान दिले. २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विधिमंडळाच्या कायद्यानुसार महान्यायवाद्याला हा अधिकार आहे. ज्या ग्रेगवार यांच्या इच्छेविरुद्ध हे घडले, त्या स्वतः पूर्वी याच पदावर होत्या आणि तंबाखूच्या महाकराराच्या वाटाघाटींत अग्रभागी होत्या. ॲरिझोनात उलट घडले : महान्यायवाद्याने वादी होण्यास नकार दिला आणि विधिमंडळाच्या संमतीने गव्हर्नर दाव्यात सामील झाल्या. म्हणजे न्यायालयासमोर ‘राज्य’ म्हणून जे उभे असते, ते पुष्कळदा त्या राज्यातील एका अधिकाऱ्याचे मत असते.

हाच प्रश्न राज्याच्या स्वतःच्या कायद्यांचे समर्थन करण्याच्या बाबतीतही येतो. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहास बंदी करणारी घटनादुरुस्ती २००८ मध्ये मतदारांनी संमत केली, पण महान्यायवादी जेरी ब्राउन यांनी न्यायालयात तिचे समर्थन केले नाही. संघीय घटनेशी विसंगत कायद्याचे समर्थन करू नये, हे त्यांचे म्हणणे. पण वकील अशा रीतीने बाजूला झाला की कायद्याचे भवितव्य बहुमताने नव्हे, त्या वकिलाच्या विवेकबुद्धीने ठरते. आणि संघशासनानेच आपल्या कायद्याचे समर्थन सोडले तर? ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीत तेही घडले. टेक्सास व इतर राज्यांनी आरोग्यविम्याच्या कायद्यावर पुन्हा दावा लावला तेव्हा संघशासनाने त्या कायद्याची बाजू घेतली नाही. ती कॅलिफोर्निया व तिच्या सोबतच्या राज्यांना घ्यावी लागली. २०२१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला गेला, कारण वादींना दाव्याचा अधिकारच नव्हता.

६. मूल्यमापन

या साऱ्या घडामोडींवरून दोन टोकांची मते मांडली जातात. एक पक्ष म्हणतो की, काँग्रेस निष्क्रिय असताना आणि अध्यक्ष आज्ञापत्रांनी राज्य चालवीत असताना त्याला कायद्यासमोर उभे करणारा, साधने आणि जनादेश असलेला, दुसरा अधिकारी उरलेला नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, एका राज्याच्या मतदारांना जबाबदार असलेल्या मनुष्याने साऱ्या राष्ट्राचे धोरण थांबवावे, हे प्रातिनिधिक तत्त्वाला सोडून आहे. दोहोंत तथ्य आहे. आणि आपल्या पक्षाचा अध्यक्ष सत्तेवर असला की प्रत्येक पक्षाला दुसरे मत पटते, हेही खरे आहे. म्हणून पक्ष पाहून नव्हे, तर दाव्याचे स्वरूप पाहून निर्णय केला पाहिजे.

त्यासाठी दोन कसोट्या उपयोगी पडतील. पहिली कसोटी हानीची. जॉर्जियाची वने खरोखर जळत होती. डिसेंबर २०२० मध्ये टेक्सासचे केन पॅक्स्टन यांनी इतर चार राज्यांतील अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाविरुद्ध दावा केला व १७ राज्यांच्या महान्यायवाद्यांनी त्यास पाठिंबा दिला, तेव्हा टेक्सासची अशी कोणती हानी झाली होती? दुसऱ्या राज्याने निवडणूक कशी घ्यावी यात टेक्सासचे कायदेशीर हित नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये हद्दपारीच्या अग्रक्रमांविषयीचा टेक्सासचा दावा आठ विरुद्ध एक मतांनी नाकारला, आणि जून २०२५ मध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या देशव्यापी मनाई हुकुमांना मर्यादा घातली. राज्य वादी असताना संपूर्ण दाद देण्यासाठी हुकूम किती व्यापक असावा, हे मात्र त्या वेळी खालच्या न्यायालयांवर सोपविले. १९२३ ची रेषा नव्या रूपाने पुन्हा आखण्याचा हा यत्न दिसतो.

दुसरी कसोटी सहवादींची. अफूजन्य वेदनाशामकांच्या प्रकरणात २०२१ मध्ये सुमारे २६ अब्ज डॉलरची तडजोड झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यास अपाय केल्याच्या आरोपावरून मेटा कंपनीविरुद्ध चाळीसहून अधिक राज्यांनी दावे लावले. दोन्हींत उभय पक्षांचे महान्यायवादी खांद्याला खांदा लावून होते. तंबाखूच्या अनुभवाने शहाणे होऊन अफूजन्य औषधांच्या करारात रकमेचा बहुतांश भाग व्यसनाच्या निवारणासाठीच खर्च करण्याची अट घातली गेली. ज्या दाव्यातील वाद्यांची यादी पक्षनिहाय यादीशी तंतोतंत जुळते, तेथे राज्याचे हित कितपत आहे व पक्षाचे कितपत, हे विचारण्यास जागा राहते. जेथे ती जुळत नाही, तेथे पालकत्वाचे जुने तत्त्व अजून जिवंत आहे असे समजावे.

भारतीय अभ्यासकाला या विषयाचे महत्त्व तुलनेमुळे आहे. आपल्या संविधानाच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली राज्य व संघ यांच्यातील वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. जानेवारी २०२० मध्ये केरळने नागरिकत्व-सुधारणा कायद्याविरुद्ध असाच दावा केला. परंतु त्यामागे मंत्रिमंडळाचा निर्णय असतो व मंत्रिमंडळ विधानसभेस जबाबदार असते. शिवाय पश्चिम बंगालच्या कोळसा-क्षेत्रांविषयीच्या दाव्यात डिसेंबर १९६२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने घटकराज्यांना सार्वभौमत्व नाकारले. अमेरिकन महान्यायवाद्याचे सारे सामर्थ्य घटकराज्याच्या अंशतः सार्वभौमत्वाच्या कल्पनेवर उभे आहे. आपल्याकडे राज्याचा आवाज क्षीण असेल, पण तो कोणाचा आहे हे सांगता येते. अमेरिकेत तो बुलंद आहे, आणि तो कोणाचा हे प्रत्येक दाव्यात नव्याने विचारावे लागते. संघराज्यपद्धतीत राज्याला न्यायालयात बोलण्याची मुभा किती असावी, या प्रश्नापूर्वी त्याच्या वतीने कोणी बोलावे या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, हाच या पदाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.